एका कंठातून दोन सूर : स्वरात दडलेल्या स्वरांचा शोध

गोव्यातील देवालयांच्या उत्सवांत सनई वाजू लागली की तिच्या शेजारी आणखी एक वादक बसलेला दिसतो. त्याच्या हातातील वाद्य सनईसारखेच दिसते. मात्र त्यावर राग आळवला जात नाही, ताना घेतल्या जात नाहीत. गाल फुगवून, श्वास न तोडता तो एकच स्वर धरून ठेवतो. या वाद्याला लोकव्यवहारात नुसते ‘सूर’ म्हणतात. सनईवादकाचे कौतुक होते. सूर धरणाऱ्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. तरीही तो थांबला तर सनई एकाएकी उघडी पडल्यासारखी वाटते.

या जोडीमागील कारण सरळ आहे. एक फुंकवाद्य एका वेळी एकच स्वर देते, म्हणून दुसऱ्या स्वरासाठी दुसरा माणूस लागतो. गळ्याबाबतही आपली हीच समजूत असते. गायक कितीही तयारीचा असो, षड्ज लावला की षड्ज, पंचम लावला की पंचम. दोन्ही एकाच वेळी नाहीत. ही समजूत जगाच्या काही भागांत मात्र शतकानुशतके खोटी ठरत आली आहे. तिथे एकच माणूस एकाच श्वासात खाली एक अखंड स्वर धरतो आणि त्याच वेळी वर शिट्टीसारखी स्वतंत्र धून गातो. प्रथम ऐकणाऱ्याला हा चमत्कार वाटतो, किंवा काहीतरी लबाडी असावी असा संशय येतो. वास्तविक यात चमत्कार नाही आणि लबाडीही नाही. एकच म्हणून आपण जो स्वर ऐकतो, तो मुळात एकच कधी नसतो, एवढे समजले की सारे कोडे सुटू लागते.

तंबोऱ्यातील न छेडलेला गांधार

ही गोष्ट समजण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. तंबोरा नीट जुळलेला असला की खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो, हे आपल्याकडील गायक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तंबोऱ्याची एकही तार गांधारात लावलेली नसते, तरीही तो ऐकू येतो. म्हणूनच त्याला ‘स्वयंभू गांधार’ असे नाव पडले.

तार संपूर्ण लांबीने कंप पावते, त्याच वेळी ती अर्ध्या, एकतृतीयांश, एकचतुर्थांश अशा भागांतही कंप पावत असते. समजा, मूळ स्वराची कंपनसंख्या सेकंदाला १०० आहे. त्या एका आघातातून २००, ३००, ४००, ५०० अशा पटींतील कंपनेही निर्माण होतात. मूळ स्वर षड्ज मानला तर दुसरी पट वरचा षड्ज, तिसरी पंचम, चौथी पुन्हा षड्ज आणि पाचवी गांधार होय. सहावी पट पंचम, सातवी कोमल निषादाच्या जवळपास पण किंचित उतरलेली, आठवी षड्ज, नववी ऋषभ, दहावी गांधार, अकरावी शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मध्ये कुठेतरी आणि बारावी पंचम. या साऱ्यांना येथे स्वयंभू स्वर म्हणू.

हे स्वर सतारीत, बासरीत, व्हायोलिनमध्ये, माणसाच्या गळ्यात, सर्वत्र असतात. मात्र आपला मेंदू त्यांची एक मोळी बांधतो आणि ‘हा एक स्वर’ असे सांगतो. बासरीचा षड्ज आणि सनईचा षड्ज यांतील फरक आपण ओळखतो, तोही बहुतांशी या मोळीतील स्वरांच्या कमी-अधिक प्रमाणावरून.

तंबोऱ्यात ही मोळी अंशतः सुटते. घोडीचा किंचित वक्र पृष्ठभाग आणि तारेखाली सरकवलेला सुताचा धागा यांमुळे तार घोडीला हलकेच घासत राहते, वरचे स्वयंभू स्वर बळावतात आणि आवाजाला जवारी येते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या शोधनिबंधात याच घोडीचा विचार केला होता. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा स्वयंभू स्वर उमटू नये असा रूढ नियम होता, तेथे छेडूनही तंबोऱ्यात तो स्वर स्पष्ट उमटतो, हे त्यांनी दाखवून दिले. मिरजेच्या कारागिरांचे हात जवारी काढताना जे साधत आले होते, त्याची भौतिकशास्त्राने घेतलेली ही दखल होती.

बाराखडीतले संगीत

गळ्यातही हेच घडते. फुप्फुसातील हवा स्वरतंतूंना कंप देते आणि स्वयंभू स्वरांची संपूर्ण मोळी घेऊन आवाज वर येतो. घसा, तोंड, जीभ आणि ओठ यांची मिळून जी पोकळी बनते, ती काही स्वरांना उचलून धरते, काहींना दाबते. पोकळीचा आकार बदलला की उचलले जाणारे स्वर बदलतात.

हे काम आपण प्रत्येक जण दररोज करतो. एकाच सुरात ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ म्हटले तर स्वरतंतूंचा सूर बदलत नाही, तरी अक्षरे वेगळी ऐकू येतात. जिभेच्या आणि ओठांच्या हालचालीने मोळीतील वेगवेगळे स्वर पुढे येतात, म्हणून. लहान मूल बाराखडी घोकते, तेव्हा ते नकळत स्वयंभू स्वरांची निवड करायलाच शिकत असते.

शांत खोलीत एक साधा प्रयोग करता येतो. सोयीचा, जरा खालचा सूर लावावा, तो न बदलता ‘ऊ’पासून ‘ई’पर्यंत अत्यंत सावकाश सरकावे आणि पुन्हा मागे यावे. थोड्या सरावाने मूळ सुराच्या वर एक बारीक, शिट्टीसारखा स्वर पायऱ्या-पायऱ्यांनी चढताना आणि उतरताना ऐकू येऊ लागतो. तो गळ्यात आज जन्मलेला नसतो. लक्ष मात्र त्याच्याकडे आज प्रथमच गेलेले असते.

तुवाच्या गवताळ पठारांवर

या निवडीला ज्यांनी पूर्ण गायनपद्धतीचे रूप दिले, त्यांत तुवाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मंगोलियाच्या उत्तरेस, रशियन संघराज्यात असलेला हा प्रदेश क्षेत्रफळाने गोव्याच्या सुमारे पंचेचाळीस पट आहे. लोकसंख्या मात्र गोव्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. किझिल ही त्याची राजधानी. मेंढ्या, घोडे आणि याक पाळत पठारांवर व डोंगरउतारांवर फिरणाऱ्या पशुपालकांनी तिथे ‘खोमेई’ नावाची गायकी जोपासली. वारा, ओढ्याचे पाणी, पक्ष्यांची शीळ यांचा आवाज गळ्यातून उभा करणे हा या गायकीचा प्राण मानला जातो.

तिच्या प्रमुख शैली तीन. खोमेई हे संपूर्ण गायकीचे नाव असून मधल्या, मृदू शैलीचेही तेच नाव आहे. ‘सिगित’ म्हणजे शिट्टी; या शैलीत जीभ टाळूला चिकटवून हवेला बाजूने अरुंद वाट ठेवली जाते आणि वरची धून धारदार होते. तिसरी शैली ‘कारगिरा’. तिची चाल उलटी आहे. स्वरतंतूंच्या वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते. तिला आभासी स्वरतंतू म्हणता येईल. एरवी बोलताना-गाताना ती शांत असते. कारगिरात ती कंप पावू लागते, आणि खऱ्या स्वरतंतूंच्या दर दोन कंपनांमागे एकदा मिटते. परिणामी मूळ स्वराच्या एक सप्तक खाली नवा, घोगरा, खोल स्वर उभा राहतो. सार्डिनिया बेटावरील ‘कांतु आ तेनोरे’ या चौघांच्या गायनात सर्वांत खालचा आवाज लावणारा गायकही हेच तंत्र वापरतो.

शिट्टीसारखा स्वर इतका स्पष्ट कसा होतो, याचे उत्तर अलीकडे अधिक नेमकेपणाने मिळाले. ‘हून-हूर-तू’ या तुवाच्या नामवंत वृंदातील गायकांच्या आवाजावरील अभ्यास २०२० मध्ये ‘ईलाइफ’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला. सामान्य बोलण्यात तोंडाची पोकळी दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी स्वरांना बळ देते. हे गायक जिभेने पोकळीत अरुंद जागा साधून त्यांपैकी दोन ठिकाणे एकमेकांत मिसळवतात. बळ एकाच जागी, साधारणपणे १००० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात, एकवटते आणि तेथील एकच स्वयंभू स्वर आजूबाजूच्या स्वरांहून कितीतरी ठळक होतो. विखुरलेला प्रकाश भिंगाने एका बिंदूवर आणावा तसा हा प्रकार.

धून कोणत्या स्वरांतून बनते, हेही पाहण्यासारखे आहे. मूळ स्वर १५० हर्ट्झचा धरला तर आठवा स्वयंभू स्वर १२००, नववा १३५०, दहावा १५०० आणि बारावा १८०० हर्ट्झवर येतो, म्हणजे षड्ज, ऋषभ, गांधार आणि पंचम. कानाला तिरपे वाटणारे सातवा आणि अकरावा हे स्वर तुवाचे गायक बहुधा टाळतात. त्यामुळे ही धून ऐकताना आपल्याकडील श्रोत्याला भूपाची आठवण झाली तर नवल नाही. भूपाच्या पाच स्वरांपैकी चार तिथे निसर्गतःच हजर असतात.

मठातील खर्ज

भारतातही एक परंपरा याच वाटेवर उभी आहे. तिबेटी बौद्धांच्या गेलुग संप्रदायातील ग्युतो आणि ग्युमे हे दोन तांत्रिक मठ पंधराव्या शतकात स्थापन झाले. १९५९ नंतर तेथील भिक्षू भारतात आले. आज ग्युतो मठ हिमाचल प्रदेशात धरमशालेजवळ सिद्धबारी येथे, तर ग्युमे मठ शेजारच्या कर्नाटकात हुणसूरजवळ आहे. येथील भिक्षू मंत्रपठणात इतका खोल खर्ज लावतात की तो मनुष्याच्या गळ्यातून येत असावा यावर प्रथम विश्वास बसत नाही.

अमेरिकेतील धर्माभ्यासक ह्यूस्टन स्मिथ यांनी भारतात हे पठण ऐकून ध्वनिमुद्रित केले आणि ध्वनिशास्त्रज्ञांच्या साह्याने त्याचे विश्लेषण १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. मूळ स्वर सेकंदाला ७५ कंपनांच्या जवळपास होता आणि त्याच्यावर पाचवा व दहावा स्वयंभू स्वर ठळक ऐकू येत होता. हे दोन्ही स्वर गांधारच आहेत, हे वरील मांडणीवरून वाचकांच्या लक्षात येईल. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गांधार आपल्या गायकांनी ऐकला, तोच हिमालयापलीकडच्या मठांत कंठातून उमटत होता. एकाने दुसऱ्याकडून तो घेतला, असे यावरून म्हणता येत नाही. दोघांनीही लक्षपूर्वक ऐकले, एवढे निश्चित म्हणता येते.

फुंकवाद्याची तीन उत्तरे

फुंकवाद्यांनी हाच प्रश्न तीन निरनिराळ्या रीतींनी सोडवला आहे.

पहिली रीत सर्वांत जुनी आणि सरळ : नळ्याच दोन घ्याव्यात. गारुड्याच्या पुंगीत भोपळ्याला दोन नळ्या असतात. एकीवर बोटे फिरतात, दुसरी सूर धरते. वारली समाजाच्या तारप्यातही भोपळ्यातून फुंकलेली हवा दोन नळ्यांत जाते. सिंध, राजस्थान आणि पंजाबातील अलगोजा म्हणजे एकाच वेळी तोंडात धरलेल्या दोन बासऱ्या. गालात साठवलेली हवा सोडत नाकाने श्वास घेण्याची युक्ती इथे वापरतात. सनईसोबत सूर धरणाराही हीच युक्ती जाणतो.

दुसऱ्या रीतीत वादक वाजवता वाजवता गातो. उत्तर ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या डिजरीडू या वाद्यात ओठांचे कंपन आणि गळ्यातील आवाज एकत्र येतात. युरोपात जर्मन संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर याने हॉर्न या पितळी वाद्यासाठी १८०६ मध्ये रचलेल्या आणि १८१५ मध्ये सुधारलेल्या रचनेत वादकाला एकट्याने स्वरसमूह वाजवायला लावले. येथे एक सुंदर गणित दडलेले आहे. वादकाने २०० कंपनांचा षड्ज वाजवला आणि त्याच वेळी ३०० कंपनांचा पंचम गायला, तर दोहोंच्या वजाबाकीचा १०० आणि बेरजेचा ५०० कंपनांचा स्वरही उमटू शकतो. म्हणजे खाली मंद्र षड्ज आणि वर गांधार. प्रयत्न दोन स्वरांचा, ऐकू येतात चार.

तिसरी रीत विसाव्या शतकात पाश्चात्त्य वादकांनी पद्धतशीरपणे विकसित केली. क्लॅरिनेट, ओबो किंवा सॅक्सोफोनवर नेहमीच्या बोटांऐवजी आडवळणाची छिद्रे उघडली तर नळीतील हवा एका लांबीने कंप पावायचे की दुसऱ्या, या पेचात सापडते. पत्तीवरील ओठांचा दाब नेमका राखला तर ती दोन्ही रीतींनी एकदम कंप पावते. दोन स्वरांचे साधे गुणोत्तर नसल्याने हा आवाज खडबडीत, थरथरता येतो. इटालियन संगीतकार ब्रुनो बार्तोलोत्झी यांनी १९६७ मध्ये अशा स्वरांवर ग्रंथच लिहिला. जॅझचे थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी त्याआधीच, १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘हार्मोनिक’ या रचनेत त्यांचा वापर केला होता.

गळा कुणाचा, हक्क कुणाचा

स्वयंभू स्वर प्रत्येक गळ्यात असतात, हे मान्य केले की एक अवघड प्रश्न उभा राहतो : मग ते गाण्याचा हक्क सर्वांना का नव्हता? तुवामध्ये स्त्रियांनी खोमेई गाऊ नये असा दीर्घकाळ संकेत होता. या गायनामुळे अपत्यप्राप्तीत बाधा येते, अशी समजूत त्यामागे होती. काही स्त्रिया घरात, एकांतात गातही असत. जाहीरपणे मात्र नाही. १९९८ मध्ये चोदुरा तुमात यांनी ‘तिवा किझी’, म्हणजे तुवाच्या कन्या, हा केवळ स्त्रियांचा वृंद उभा केला आणि त्या संकेताला उघडपणे छेद दिला.

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागात तर परिस्थिती नेमकी उलट होती. तेथील खोसा समाजातील स्त्रियांनी ‘उमंगकोकोलो’ ही अशीच गायकी जपली. संगीताभ्यासक डेव्ह डार्गी यांनी १९८० च्या दशकात तिची नोंद केली, तेव्हा अशी गायकी आशियापुरतीच आहे या समजुतीला धक्का बसला. एका खंडात जे स्त्रीच्या शरीराला घातक मानले गेले, तेच दुसऱ्या खंडात स्त्रियांनीच सांभाळले होते. निषेध कंठाच्या रचनेत नव्हता, समाजाच्या रचनेत होता, याहून वेगळा पुरावा लागत नाही.

मालकीचा प्रश्न देशांमध्येही उद्भवला. युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २००९ मध्ये खोमेईची नोंद चीनच्या नावे झाली, तर पुढच्याच वर्षी मंगोलियाच्या नावे. रशिया त्या वेळी संबंधित कराराचा पक्षकार नसल्याने तुवाचे नाव दोन्ही नोंदींत आले नाही. कला सरहद्दींच्या आधीची, नोंदी मात्र सरहद्दींच्या नंतरच्या. सीमाभागातील मराठी वाचकाला यातील व्यथा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या कानांचे काय

आपल्या संगीताने तुवाची वाट धरली नाही, कारण त्याचे ध्येय वेगळे होते. तुवाचा गायक मोळीतील एक स्वर सुटा करून दाखवतो. आपला गायक खर्जाची साधना करून सारी मोळी भरदार करतो. ‘जवारीदार आवाज’ असे आपण ज्याला म्हणतो, तो हाच. मात्र दोन्हींचा पाया एक आहे, आणि तो म्हणजे स्वराच्या आत ऐकण्याची सवय.

या सवयीपुढे आज अडचण आहे. पेटीच्या आणि कीबोर्डच्या सप्तकात बारा सुरांचे समान भाग केलेले असतात. षड्ज १०० कंपनांचा धरला तर स्वयंभू गांधार त्याच सप्तकात १२५ वर येतो. कीबोर्डचा गांधार १२६ च्या जवळ. फरक एका कंपनाचा, पण तंबोऱ्यापुढे बसलेल्या कानाला तो खुपतो आणि केवळ कीबोर्डवर वाढलेल्या कानाला कळतही नाही. मोबाइलमधील तंबोरा सोयीचा आहे, परंतु तो जुळवावा लागत नाही; आणि जुळवण्याच्या त्या दहा मिनिटांतच अनेक पिढ्यांनी गांधार ऐकायला शिकले होते.

शिट्टीचा स्वर काढण्याचा प्रयोग कुणीही करावा. त्यात धोका नाही. कारगिरासारखा घोगरा आवाज मात्र केवळ चित्रफिती पाहून ताणू नये. घसा खवखवू लागला किंवा आवाज बसला, तर थांबणे हेच शहाणपणाचे. आणि गाण्याची हौस नसलेल्यांनीही एकदा जुळलेल्या तंबोऱ्याजवळ डोळे मिटून बसावे, खर्जाची तार छेडल्यावर ती विरेपर्यंत ऐकावे. गांधार पहिल्या खेपेला सापडणार नाही कदाचित. एकदा सापडला की मात्र पुढे कोणताही सूर एकटा ऐकू येत नाही.